गोळा नाही तर गाडी नाही

उल्हासनगर, कॅम्प नंबर पाच
बुधवार

तीर्थरूप आजोबांना,

तुमच्या पायांवर डोकं ठेवून, आणि ते लगेच न उचलता (कारण वर बघायची सध्या सोय राहिलेली नाही), नातू यज्ञेशचा नमस्कार. तुमचा खोकला कसा आहे? म्हशीला रेडकू झालं का? मागच्या वेळी गुडघ्याला चोळायला मी जे तेल दिलं होतं ते लावत असाल तर थांबवा. ते शिलाई मशीनचं तेल होतं असं मला नंतर कळलं. (घाबरू नका, गुडघ्याला त्यानं काही होत नाही. उलट कुरकुर कमी झाली असेल.) इकडे मी खुशाल आहे. पत्रात खुशाल लिहायचं असतं म्हणून लिहिलं, एवढंच.

फोन न करता पत्र का लिहिलं, असं तुम्ही म्हणाल. फोनवर तोंड दाखवावं लागत नाही हे खरं, पण आवाज दाखवावा लागतो, आणि माझा आवाज सध्या चोरट्या मांजरासारखा येतो. शिवाय माझा मुद्दा सुटतो हे तुम्हाला माहीत आहे. फोनवर मुद्दा सुटला की माणसं फोन ठेवतात. पत्र हातात असलं की माणूस निदान पुढच्या पानावर तरी बघतो. पहिली विनंती ही, की यातलं काहीही संजीवनी आत्याला सांगू नका.

मी आता आत्याकडे राहत नाही. करवंदवाडीहून निघालो तो आधी बदलापूरला हेंद्रेपाड्यात एका मित्राच्या खोलीवर टेकलो. तिथं त्याचं लग्न ठरलं आणि त्याच्या आईनं खोली रंगवायला काढली, आणि मीसुद्धा जुन्या सामानातच मोजला गेलो. मग इकडे सनीकडे आलो. सनी म्हणजे सनी आहुजा, माझा दोस्त, लग्नाचे फोटो काढतो. त्याचं पुढे काम आहे, म्हणजे या गोष्टीत काम आहे, म्हणून नाव लक्षात ठेवा. दिवसा मी एका कारखान्यात जीन्सचे लोंबणारे धागे कापतो. सनीच्या घरी एक पद्धत आहे, बाहेरून कुणी आलं की आधी पापड आणि पाणी. मी पहिल्या दिवशी टेन्शनमध्ये सारखा आत-बाहेर करत होतो, तर दर वेळी आंटीनं पापड दिला. शेवटी शेवटी पापड दिला पण बरोबर एक नजरही दिली. मग मी घरातच बसलो.

तर पहिल्यापासून सांगतो. तुम्ही गेल्या दिवाळीनंतर करवंदवाडीला आला नाहीत, म्हणून आत्या नगराध्यक्ष झाल्यावर गावाचं काय झालं हे तुम्ही नुसतं ऐकलं असेल. ती जागा महिलांसाठी राखीव झाली तेव्हा महेशशेठनीच (म्हणजे आताचे उपनगराध्यक्ष, प्लॉटवाले) तिचं नाव पुढं केलं होतं. त्यांचा हिशोब असा, की बाई सहीपुरती, कारभार आपला. पण बाई तुमची मुलगी. तिचं बालपण रेल्वेच्या क्वार्टरमध्ये गेलेलं, तुम्ही त्या छोट्या स्टेशनवर धावत्या गाडीच्या ड्रायव्हरच्या हातात गोळा द्यायचात ते बघत ती मोठी झाली. तिनं पहिल्याच सभेत पितळेचा एक तांब्या टेबलावर ठेवला आणि सांगितलं, ज्याच्या हातात तांब्या तोच बोलणार. एका रुळावर एका वेळी एकच गाडी. आधी सभेत सतरा जण एकदम ओरडायचे, म्हणून काहीच ठरायचं नाही, आणि काहीच ठरलं नाही की महेशशेठचं सगळं ठरायचं. तांब्या आल्यापासून पाणी येतं, गटारं झाकली, आणि घंटागाडी सकाळी येते. (घंटागाडीला हिरवा झेंडा दाखवायला तिला बोलावलं तेव्हा तिनं आधी दोन्ही बाजूंना बघितलं, शिट्टी फुंकली, आणि मगच झेंडा हलवला. फोटोत नगराध्यक्ष म्हणून आलीच नाही ती, गार्ड म्हणूनच आली.)

आणि रविवारी ती गार्डच असते. म्हणजे असायची. जुन्या दगडखाणीपासून तलावापर्यंतची ती दोन फुटी रूळवाट, पूर्वी धरणाच्या कामाला दगड वाहायला टाकलेली, तिच्यावर आमच्या जुनी रूळगाडी मंडळानं गाडी चालू केली हे तुम्हाला माहीत आहे. इंजिन वाफेचं, नाव बकुळा, मागं दोन उघडे डबे. अंबरनाथच्या फॅक्टरीतून निवृत्त झालेले किसनकाका ड्रायव्हर, मी कोळसा टाकणारा आणि पडेल ते काम करणारा, आणि आमची नगराध्यक्ष अंबाड्यावर काळी टोपी, साडीवर पांढरा कोट, अशी मागच्या डब्यात उभी. सगळे बिनपगारी. आठवडाभर जिच्या मागं पाण्यासाठी बायका लागतात ती रविवारी लहान पोरांना ओरडते की हात आत घ्या. मला तिचा ओरडण्याचा आवाज कधी आवडला नाही, पण रविवारी तो छान लागायचा.

आता गोळा. तुम्हाला गोळ्याबद्दल मी सांगणं म्हणजे गणपतीला मोदक कसा खातात ते सांगणं. पण इथं सनी वाचून तपासणार आहे आणि त्याला काही माहीत नाही, म्हणून लिहितो. एकेरी रुळावर समोरासमोर दोन गाड्या येऊ नयेत म्हणून एकच लोखंडी गोळा असतो, चामड्याच्या पिशवीत, पिशवीला वेताचं मोठं कडं. ज्याच्याकडे गोळा तोच रुळावर जाणार. आमच्याकडे इंजिन एक, रूळ एक, तरी आत्यानं गोळा आणलाच. आमच्याकडे एक ढकलगाडीपण आहे, चार चाकांची, रूळ तपासायला. ती कोण कधी घेऊन जाईल सांगता येत नाही, असं तिचं म्हणणं. लोक हसायचे. मीपण हसायचो, आजोबा. गोळा नाही तर गाडी नाही, हे ती इतक्या वेळा म्हणायची की माझा मोबाईल वाजला तरी मला तेच ऐकू यायचं.

आता मुख्य गोष्ट. महेशशेठना ती रूळवाट उखडून तिथं पार्किंग करायचं आहे. (पार्किंगच्या बाजूचे प्लॉट कुणाचे, हे तुम्ही ओळखा.) आत्यानं खटपट करून वरून एका मोठ्या साहेबांना बोलावलं होतं. ते येऊन गाडीत बसणार, बघणार, आणि रूळवाट वारसा म्हणून राखायची की नाही याची शिफारस करणार. सगळं त्या एका फेरीवर होतं. साहेब दुपारी जेवून येणार होते. सकाळी आत्या नगरपंचायतीत अडकलेली, किसनकाका मागच्या शेडमध्ये इंजिनाची आग पेटवत होते, आणि आमच्या स्टेशनच्या कपाटाची एक किल्ली माझ्याकडे, दुसरी आत्याकडे. तेवढ्यात सनीचा फोन आला. त्याच्याकडे एक जोडपं होतं, मुकेश आणि जिज्ञासा, पुढच्या महिन्यात लग्न. हल्ली लग्नाआधी फोटो काढतात ना, शेतात, किल्ल्यावर, दुसऱ्याच्या बैलगाडीत बसून, तसे त्यांना रुळावर पाहिजे होते. सनी म्हणाला, भाई, सिर्फ एक घंटा, तेरी ढकलगाडी दे दे.

मी नियम पाळला, आजोबा. हेच तर सांगायला लाज वाटते. ढकलगाडी न्यायची तर गोळा पाहिजे, म्हणून मी कपाटातून गोळा काढला आणि रीतसर, माझ्या हातानं, कडं मुकेशच्या गळ्यात घातलं. तो म्हणाला हे तर फोटोत मस्त दिसेल. मग मी त्यांना खाणीकडे लावून दिलं. नियमाप्रमाणे आता फळ्यावर खडूनं लिहायला पाहिजे होतं, की गोळा बाहेर आहे, अमक्याकडे आहे. मी खडू घेतला तर तो एवढासा, नखाएवढा. म्हणून शेजारच्या शाळेत खडू मागायला गेलो. शाळेत कबड्डीचे सामने चालले होते आणि पंचाला उलट्या होत होत्या. (त्यानं रात्री काय खाल्लं होतं ते मी विचारलं, पण ते इथं नको.) त्यांनी माझ्या हातात शिट्टी दिली. तुम्ही सांगा, पोरं मैदानात उभी, दोन्हीकडची गुरगुरतायत, माणूस नाही कसं म्हणणार? पहिला सामना बरोबरीत सुटला म्हणून दुसरा. त्यात आत्याचा फोन, की अंबरनाथला जाऊन फुलांचे गुच्छ घेऊन ये, तिकडे ताजे मिळतात. मी शाळेतूनच रिक्षा पकडली. खडू खिशातच राहिला.

अंबरनाथहून गुच्छ घेऊन आलो तर साहेब आलेले. जेवण इकडेच करू म्हणून लवकर आले होते. त्यांना डब्यात बसवलेलं, पाच-सहा जण बरोबरचे, महेशशेठ पुढच्या बाकावर, बकुळा वाफ सोडतेय, किसनकाकांचा हात कळीवर, आणि आत्या स्टेशनच्या बाकावर आपली पर्स उपडी करून बसलेली. मागच्या रविवारी ती शेवटच्या फेरीनंतर घाईत एका मुंजीला गेली होती, आणि तिला वाटत होतं की गोळा आपण कपाटात ठेवलाच नाही, तसाच बरोबर नेला आणि कुठंतरी पडला. (एवढं मोठं कडं पर्समध्ये मावत नाही, पण घाबरलेला माणूस कुठंही शोधतो.) सगळ्यांसमोर तिची पर्स बाकावर सांडलेली, आजोबा. शिक्का, हिंगाच्या गोळ्या, गटाराच्या तक्रारीचे दोन अर्ज, कुठल्यातरी उद्घाटनाची परत द्यायची राहिलेली कात्री, सेफ्टी पिनांचा झुबका, आणि अर्धा पेढा. साहेबांचा ड्रायव्हर मान लांब करून बघत होता.

मला बघताक्षणी सगळं कळलं. मी तोंड उघडलं. तेवढ्यात साहेब म्हणाले, आणि चांगल्या शब्दांत म्हणाले, "मॅडम, इंजिन एकच आहे ना? मग समोरून काय येणार आहे?"

आत्या म्हणाली, "साहेब, ते मला माहीत असतं तर गोळा कशाला लागला असता?"

महेशशेठनी पूजेच्या ताटातला नारळ उचलला आणि म्हणाले, "हा घ्या ताई. हापण गोलच आहे." सगळे हसले. साहेब हसले नाहीत, पण त्यांनी घड्याळ बघितलं, आणि ते हसण्यापेक्षा वाईट होतं. मग कुणीतरी मला विचारलं, काय रे, एक किल्ली तुझ्याकडे होती ना? मी परत तोंड उघडलं. आजोबा, शप्पथ सांगतो, शब्द जिभेवर आला होता. आणि आत्या म्हणाली, "त्याला काही विचारू नका. त्याला मी फुलं आणायला पाठवलं होतं. गोळा शेवटी माझ्या हातात होता. हरवला तो माझ्याकडून."

आणि मी तोंड मिटलं. मी पुष्कळदा विचार केला की तेव्हा का मिटलं. मला ती वाचवत होती, आणि वाचवून घेणं एवढं सोपं होतं, जसं कुणी पुढं केलेल्या खुर्चीवर बसावं. मी म्हणालो, मी शोधून येतो. गुच्छ खाली टाकले आणि रुळावरून खाणीकडे पळत सुटलो. मागून मला साहेबांचा आवाज ऐकू आला, की बघा, पोरगा किती जीव तोडून पळतोय. एवढी शाबासकी मला शाळेत कधी मिळाली नव्हती.

खाणीचं वळण तुम्ही बघितलंय. दोन्ही बाजूंना कातळ, वळणाच्या पुढचं दिसत नाही, आणि तिथून उतार. त्या वळणाच्या बरोबर मागं, रुळाच्या मधोमध, मुकेश आणि जिज्ञासा उताणे झोपलेले, डोक्याला डोकं लावून. मुकेशच्या पोटावर गोळ्याची पिशवी. बाजूला एवढा मोठा स्पीकर लावलेला, की बकुळाची शिट्टी काय, भूकंप झाला असता तरी कळलं नसतं. सनी कातळावर चढून वरून फोटो काढत होता आणि रंगीत धूर सोडत होता. ढकलगाडी त्यांनी बाजूला उतरवून ठेवली होती, फोटोत मध्ये येते म्हणून. मला धापा टाकत येताना बघून जिज्ञासानं झोपल्या झोपल्या विचारलं, "भैया, ट्रेन आ रही है क्या? आ जाए तो पीछे अच्छी लगेगी।"

मी तिथंच खडीवर बसलो. आत्यानं जर साहेबांचं ऐकलं असतं, महेशशेठचा नारळ हातात घेतला असता, तर बकुळा तोपर्यंत त्या वळणावर आली असती. किसनकाकांचे हात पक्के आहेत पण उतारावर ब्रेक किती लागतो ते मला माहीत आहे, मीच त्यांच्या बाजूला उभा असतो. सनीनं मला विचारलं काय झालं, मी काही नाही म्हणालो. त्या दोघांना वरच्या रस्त्यानं गाडीत घालून पाठवलं. त्यांना आजपण माहीत नाही. त्यांनी मला आईस्क्रीमला चल म्हणून आग्रह केला.

गोळा घेऊन ढकलगाडी ढकलत परत आलो तर साहेब गेलेले होते. जाताना म्हणाले म्हणे, की जिथं चालवणाऱ्यांनाच गाडी चालवता येत नाही तिथं वारसा कसला. डबे रिकामे, गुच्छ तिथंच पडलेले, एक शेळी ते खात होती. (त्यातला ट्यूलिपसारखा जो महागडा होता तो तिनं सोडला होता, बरोबर आहे, प्लास्टिकचा होता.) गोळा माझ्या सॅकमध्ये होता. मी पळत गेलो आणि ढकलगाडी घेऊन आलो, तरी ती कुठून आणली हे विचारायच्या मनःस्थितीत कुणी नव्हतं. आत्या पाटावर बसल्यासारखी फलाटाच्या कडेवर बसली होती, टोपी मांडीवर. तिनं मला पाण्याची बाटली दिली आणि म्हणाली, "दमलास ना? राहू दे आता. म्हातारी झाले रे मी." ते पाणी मी प्यायलो, आजोबा. सगळं प्यायलो.

त्यानंतर तिनं काय केलं ते ऐका. रूळगाडी मंडळाची अध्यक्ष म्हणून तिनंच गार्डला, म्हणजे स्वतःला, निलंबनाचा आदेश काढला. देणार म्हणून सही केली, आणि मिळाला म्हणून खाली परत सही केली. दोन्ही सह्या वेगवेगळ्या केल्या, एक कडक आणि एक पडलेली. मग बदलापूरला डॉक्टरकडे गेली, विसरायला होतं म्हणून. डॉक्टरनी शंभरापासून सात-सात वजा करत उलटं मोजायला सांगितलं. तिनं ते मोजलं, वर डॉक्टरच्या गल्लीतले किती दिवे बंद आहेत तेपण सांगितलं, वास्तविक ती गल्ली तिच्या हद्दीत येत नाही. डॉक्टर म्हणाले काही झालेलं नाही. पण तिचा विश्वास बसला नाही. आता ती पदराला गाठी मारते. मी निघालो तोपर्यंत इतक्या गाठी झाल्या होत्या की कुठली गाठ कशाची ते आठवेना, आणि त्यावरून ती घाबरली. मला हसू आलं होतं. मग मी मोरीत जाऊन उगाच नळ सोडून उभा राहिलो.

गोळा तेव्हा परत का ठेवला नाही, असं तुम्ही विचाराल. ठेवायला गेलो होतो. कपाट उघडलं, गोळा आत सरकवला, आणि लक्षात आलं की आता तो सापडला तर ती म्हणणार, बघा, समोर होता आणि मला दिसला नाही. म्हणजे आणखीन वाईट. म्हणून परत काढला. म्हणजे गोळा ठेवला तरी तीच वेडी, नाही ठेवला तरी तीच वेडी, आणि मी दोन्हीकडे शहाणा. असलं शहाणपण मला झेपेना, म्हणून पळालो.

पण खरं पळालो ते सभेनंतर. मी पाणी द्यायला तिथं उभा असायचो. महेशशेठच्या हातात तांब्या होता. ते म्हणाले, "एक गोळा ज्यांना सांभाळता येत नाही, त्यांच्या हातात आपण आख्खं गाव दिलंय." आणि रूळ उखडून पार्किंग करायचा ठराव मांडला. तांब्या फिरत फिरत आत्याकडे आला. सगळे तिच्याकडे बघत होते. तिचे लोकपण बघत होते, की आता बोलेल. तिनं तांब्या हातात घेतला, आत बघितलं, जणू आत काही लिहिलंय, आणि न बोलता शेजारच्या बाईकडे दिला. आजोबा, त्या तांब्याचा नियम तिनं केला तेव्हापासून तिनं तो कधी रिकामा पुढं दिला नव्हता. मी पाण्याचा ट्रे तिथंच टेकवला आणि मागच्या दारानं निघालो. ठरावावर मत येत्या सोमवारी आहे.

तर असं आहे सगळं. मला वाटत होतं लिहिल्यावर हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. धागे कापताना बरं वाटतं, कारण कापलेला धागा परत लोंबत नाही. (आता मालकानं मला हुशार म्हणून मशीनवर घ्यायचं ठरवलंय. कुठल्याही ठिकाणी मला हुशार म्हणायला लागले की मला तिथून जावंसं वाटतं, हे काय असतं?) तुम्ही मोठे आहात, रेल्वेत आयुष्य काढलंय, काय करावं ते मला कळवा. आणि परत सांगतो, आत्याला यातलं अक्षरही कळू देऊ नका. तिला वाईट वाटेल.

तुमचा नालायक (हा शब्द सनीला खोडायचा होता, मी राहू दिला) नातू,
यज्ञेश

ता. क. उत्तर पाठवताना लिंबाचं लोणचं कुणाबरोबर तरी पाठवा. इथं पापड खूप आहेत, पण बरोबर काहीतरी लागतं.

ता. क. दुसरा. गोळ्याची काळजी करू नका. तो माझ्या उशाशी आहे. आंटीनं विचारलं हे काय, मी म्हणालो आमच्याकडची पूजेची वस्तू. तेव्हापासून ती रोज सकाळी त्याला कुंकू लावते आणि माझ्या नोकरीसाठी काहीतरी पुटपुटते. काल ती पुटपुटत असताना मी मनातल्या मनात म्हटलं, आंटी, नोकरी नको, दुसरं काहीतरी मागा.

ता. क. तिसरा. आत्या, आता इथून पुढं मोठ्यानं वाचू नकोस.

आजोबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे आणि त्यांना अक्षर दिसत नाही, हे मला माहीत आहे. तू गार्डचं काम सोडल्यापासून रविवारी तिकडे जातेस आणि त्यांचं आठवड्याचं टपाल वाचून दाखवतेस, हे मला बाबांनी फोनवर सांगितलं, तेव्हा मी हे लिहायला घेतलं. त्याआधी तुला लिहायला बसत होतो. नुसतं 'आत्या' लिहायचो आणि कात्री उचलायचो. आजोबांना म्हणून लिहिलं तर सगळं आलं. 'आत्याला सांगू नका' हे तू मोठ्यानं वाचलं असशील तर आजोबा हसले असतील. हसले असले तर बरं झालं.

तू काही विसरलेली नाहीस. त्या रविवारी मुंजीला जायच्या आधी तू गोळा कपाटातच ठेवला होतास, वरच्या फळीवर, पिशवीचं तोंड बांधून. मी स्वतः तिथून काढला. पदराच्या गाठी सोड. आणि तू गाडी सोडली नाहीस म्हणून त्या जिज्ञासाचं आता लग्न होणार आहे. सगळे तुला हसत होते तेव्हा ती त्या वळणामागं डोळे मिटून पडलेली होती.

हे वाचते आहेस तो रविवार असेल आणि उद्या मत आहे. उद्या तांब्या तुझ्याकडे आला की पुढं देऊ नकोस. मला दे. बाहेरच्या माणसाला सभेत बोलता येत नाही, महेशशेठ ओरडतील, पण तांब्या ज्याच्या हातात तोच बोलणार हा नियम तूच केलाय, त्यात बाहेरचा-आतला असं काही लिहिलेलं नाही. मी सगळ्यांसमोर सांगीन. सनीपण येतो म्हणालाय, फोटो घेऊन. त्यातल्या एका फोटोत मुकेशच्या पोटावर गोळा दिसतो.

गोळा मी पार्सलनं पाठवणार होतो. पण तो हातातून हातात द्यायचा असतो, वाटेत कुठं ठेवायचा नसतो, असं आजोबांनीच मला लहानपणी सांगितलं होतं, म्हणून घेऊन येतोय. आज दुपारच्या एसटीनं आजोबांच्या गावात, तुझ्याकडेच, उतरीन. आता खरी विनंती. स्टँडवरून घर लांब नाही, पण मध्ये बाजार आहे, नदी आहे, आणि रविवारचे कुठले ना कुठले सामने असतातच. तुला मी माहीत आहे. मला घ्यायला स्टँडवर ये. रागावलेली आलीस तरी चालेल, पण ये. मी एकटा घरापर्यंत पोचेन याचा मला भरवसा नाही.